'इंटरलॉक्यूटर' म्हणजे कोण?



'इंटरलॉक्यूटर' हा इंग्रजी शब्द वाचला की मुलांना 'लॉक' म्हणजे कुलूप आठवते. पण कुलपाशी त्याचे नाते नाही. लॅटिनमध्ये 'इंटर' म्हणजे मध्ये आणि 'लोक्वी' म्हणजे बोलणे. आपल्याशी संभाषण करणारी समोरची व्यक्ती, हा त्याचा मूळ अर्थ. शब्दभ्रमकाराला म्हणतात तो 'व्हेंट्रिलोक्विस्ट' हा शब्दही याच कुळातला. त्यात 'व्हेंटर' म्हणजे पोट. रामदास पाध्ये व अर्धवटराव यांच्या खेळात बोलणारा एकच असतो, पण आपल्याला दोघांचा संवाद ऐकू येतो.

भारतात या शब्दाला आणखी एक अर्थ आला : सरकारच्या वतीने लोकांशी बोलणी करणारा. 2010 साली केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरसाठी पत्रकार दिलीप पाडगावकर, राधा कुमार आणि एम. एम. अन्सारी यांना नेमले. हिंदी वृत्तपत्रांनी त्यांना 'वार्ताकार' म्हटले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने हा शब्द आम्हाला सवयीचा. परंतु हिंदीत 'वार्ता' म्हणजे बोलणी, तर मराठीत बातमी. मराठी वाचक 'वार्ताकार' म्हणजे बातमीदार समजेल! म्हणून मराठीत 'संवादक' बरा.

न्यायालयातही हा शब्द भेटतो. मूळ दावा चालू असताना मध्येच केलेल्या अर्जाला 'इंटरलॉक्यूटरी' अर्ज म्हणतात. म्हादईचे पाणी मलप्रभा खोऱ्यात नेण्यासाठी कर्नाटकाने लवादापुढे असाच अर्ज केला होता. तो 27 जुलै 2016 रोजी फेटाळला गेला. अंतिम निवाडा 2018 साली आला. आपल्या कणकुंबीचा कळसा नाला याच वादातला, म्हणून हा शब्द आपल्या दारातलाच म्हणायचा.

आपल्याकडे घरात मराठी आणि कचेरीत कन्नड. आजीचा अर्ज भरायला नातू सोबत जातो, तेव्हा तो तिचा दुभाषी असतो. साहेबांच्या प्रश्नाला त्याने परस्पर उत्तर दिले तर काम लवकर उरकते. पण ज्या आजीचा अर्ज, तीच संभाषणाबाहेर राहते. मुलांनो, प्रश्न आधी आजीला सांगा, तिचे म्हणणे पूर्ण ऐका आणि तेच कन्नडमध्ये मांडा. म्हणजे साहेबांशी बोलणारी आजीच ठरेल.

त्यासाठी दोन्ही भाषा नीट यायला हव्यात. कन्नडचा तास केवळ परीक्षेपुरता समजू नये, ही पालकांना नम्र विनंती.