मुरुमांची गोळी मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेताय? आधी हे वाचा

लग्न तोंडावर आलं की चेहऱ्यावरच्या मुरुमांची चिंता वाढते. मग मैत्रिणीला गुण आला म्हणून तिचीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळी आणली जाते. ही गोळी आयसोट्रेटिनॉइनची असेल तर मात्र सावध व्हा.

हट्टी मुरुमांवर हे औषध चांगलं काम करतं. पण पोटात बाळ असताना घेतलं तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात आणि कानांत गंभीर व्यंग येऊ शकतं. गर्भपाताचाही धोका असतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी गर्भ नसल्याची तपासणी करतात. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना दिवस राहणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते.

या काळात पुरुषांनीही रक्तदान करू नये. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं जाऊ शकतं.

गोळी जेवणासोबत घ्यावी. ओठ फुटतात, त्वचा कोरडी पडते. यकृत आणि रक्तातली चरबी तपासावी लागते. सोबत डॉक्सिसायक्लिन घेऊ नये. डोक्यातला दाब वाढू शकतो. जोरात डोकं दुखलं, अंधुक दिसलं किंवा मन सतत उदास राहिलं तर लगेच डॉक्टर गाठा.

लग्न ठरलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, दुसरी औषधं आहेत. गोळी चालू असताना पाळी चुकली तर लाजून गप्प बसू नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.