प्रवेश आधी, निवाडा नंतर!

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांचा हंगाम आला की रुग्णालयांच्या आवाराइतकीच न्यायालयांच्या आवारातही गर्दी होते. कोठे विद्यापीठ संलग्नता नाकारते, कोठे विद्यापीठाची संमती असून केंद्राची परवानगी नसते, तर कोठे राज्य शासनच आडवे येते. संस्था न्यायालयात धाव घेते, अंतरिम हुकूम मिळतो, त्याच्या आधारे प्रवेश उरकले जातात आणि मूळ वादाचा निकाल लागेपर्यंत विद्यार्थ्याचे निम्मे शिक्षण होऊन गेलेले असते. हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा असता, तर त्याची चर्चा आम्ही आतील पानावर केली असती. परंतु ज्याच्या हाती उद्या आपल्या आप्तांचे प्राण सोपवावयाचे, त्या शल्यविशारदाची तयारी कोठे व कशी झाली, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे. म्हणून आज तो पहिल्या पानावर.

संलग्नतेची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती वाटणी होती. ज्याच्या शिकवण्यावर आपली मुद्रा उमटवावयाची, ते महाविद्यालय त्या योग्यतेचे आहे की नाही हे पाहण्याचे साधन म्हणजे संलग्नता. पदव्युत्तर वैद्यकात तर या पाहणीचे महत्त्व अधिकच. एम. डी. वा एम. एस. चा विद्यार्थी बाकावर बसून शिकत नाही. तीन वर्षे तो रुग्णांच्या खाटांपाशी, शस्त्रक्रियागृहात आणि रात्रपाळीत शिकतो. त्याला पुरेसे रुग्ण हवेत, प्रबंधासाठी मान्यताप्राप्त मार्गदर्शक हवा. हे नसेल तर पदवी मिळेल, पण विद्या मिळणार नाही.

आता या क्षेत्रात राखणदार तीन झाले आहेत. गरज असल्याचा दाखला राज्य शासन देते, संलग्नतेची संमती विद्यापीठ देते आणि परवानगी केंद्रीय यंत्रणा देते. १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय हा विषय मात्र पूर्वीपासून केंद्राकडेच आहे. १९९३ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या १९५६ च्या कायद्यात कलम १०-अ घालण्यात आले आणि नवे महाविद्यालय, नवा पदव्युत्तर अभ्यासक्रम वा वाढीव जागा यांसाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. सप्टेंबर २०२० पासून परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. राखणदार बदलला, दारे तीनच राहिली. आणि तीन दारांमधील मोकळ्या जागेतच खटल्यांचे पीक उगवते.

वस्तुतः सर्वोच्च न्यायालयाने या विषयातील कायदा बराच स्पष्ट केलेला आहे. तामिळनाडूच्या वैद्यकीय विद्यापीठाच्या कायद्यात संलग्नतेसाठी राज्य शासनाच्या परवानगीची अट होती. कलम १०-अ आल्यानंतर ती टिकू शकत नाही, असा निर्णय १९९६ मध्ये झाला. आपल्या महाराष्ट्रानेही हाच धडा २००६ मध्ये एका अध्यापक महाविद्यालयाच्या खटल्यात घेतला. केंद्रीय संस्थेने मान्यता दिल्यावर राज्याने आपले धोरण पुढे करून ती अडवू नये, असे न्यायालयाने बजावले. दुसऱ्या बाजूस, १९९९ च्या प्रीती श्रीवास्तव खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा केंद्राने ठरविल्यापेक्षा खाली आणता येणार नाही, असे सांगितले. आणि मान्यता व संलग्नता या दोन भिन्न गोष्टी आहेत, एकीच्या पोटात दुसरी आपोआप येत नाही, हे २०११ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका अध्यापक विद्यालयाच्या प्रकरणात मांडले गेले. या निकालांचा इत्यर्थ आम्ही असा समजतो : संलग्नता ही शासनाची मेहेरबानी नव्हे, तशी ती टपालकचेरीतील शिक्क्याप्रमाणे डोळे मिटून मारावयाची मोहोरही नव्हे. ती विद्यापीठाने विद्यार्थ्यास आणि समाजास दिलेली शैक्षणिक हमी होय.

मग घोडे अडते कोठे? ते अडते वेळेपाशी. १९८६ मध्ये आंध्र प्रदेशातील एका संस्थेने संलग्नतेवाचूनच वैद्यकीय प्रवेश दिले आणि विद्यार्थ्यांस परीक्षेस बसू द्यावे म्हणून न्यायालयाचा आश्रय घेतला. विद्यापीठाने स्वतःचाच कायदा मोडावा असा हुकूम आम्ही देणार नाही, ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका कठोर होती, पण स्वच्छ होती. पुढे मात्र विद्यार्थ्यांचा कळवळा आणि कायद्याची शिस्त यांच्या कात्रीत न्यायालयेही सापडली. भुवनेश्वरच्या कलिंग वैद्यकीय संस्थेने पदवी अभ्यासक्रमाच्या वाढीव ५० जागा उच्च न्यायालयाच्या हुकुमाच्या आधारे भरल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या हुकुमावर ताशेरे ओढून संस्थेला ५ कोटी रुपयांचा भुर्दंड केला. परंतु आत आलेल्या विद्यार्थ्यांस बाहेर काढणे त्यालाही योग्य वाटले नाही. ही करुणा समजण्यासारखी आहे. पण एकदा आत शिरले की कोणी बाहेर काढत नाही, एवढाच बोध काही संस्थाचालक यातून घेतात, हेही नाकारता येत नाही.

या ओढाताणीत भरडला जातो तो विद्यार्थी. १९५६ च्या कायद्याखाली पदवीची नोंद विद्यापीठाच्या व महाविद्यालयाच्या नावानिशी होत असे आणि नव्या अभ्यासक्रमाच्या पदवीला मान्यता मिळे ती पहिली तुकडी अखेरच्या परीक्षेस बसण्याच्या सुमारास. म्हणजे तीन वर्षे परवानगीने शिकलेला डॉक्टर उत्तीर्ण होऊनही मान्यतेची वाट पाहत बसे. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली, तेव्हा त्या नोंदी नव्या विद्यापीठाच्या नावे होणे ओघानेच आले. कागदावरचे एक नाव बदलले, तरी त्यामागे शेकडो तरुणांची नोंदणी, नोकरी आणि पोटापाण्याचा प्रश्न उभा असतो, हे फायली हलविणाऱ्यांनी कधी विसरू नये.

संस्थांचे गाऱ्हाणे सर्वस्वी खोटे आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तज्ज्ञ डॉक्टरांची वाण विदर्भ-मराठवाड्यातील तालुक्यांना जाणवते आणि जागा वाढल्या पाहिजेत यात दुमत नाही. तपासणी व्हावी, त्रुटी वेळेत कळाव्यात, त्या दुरुस्त करण्यास अवसर मिळावा, ही अपेक्षा न्याय्यच आहे. २०१५ च्या रॉयल मेडिकल ट्रस्ट खटल्यात न्यायालयाने वेळापत्रकाचा आग्रह धरला तो त्याकरिताच. आजच्या कायद्यात आयोगाच्या मंडळाने अर्जाचा निकाल सहा महिन्यांत लावावा असे बंधन आहे. मग विद्यापीठांनी मात्र अर्ज दाबून ठेवावेत आणि अखेरच्या आठवड्यात नकार कळवावा, हे कोणत्या न्यायात बसते?

आमची मागणी साधी आहे. विद्यापीठाने संलग्नतेचा निर्णय ठरल्या तारखेच्या आत, कारणांसह लेखी द्यावा आणि तपासणीचा अहवाल जनतेस खुला करावा. ज्या अभ्यासक्रमाची तिन्ही दारे उघडलेली नाहीत, त्याचे नाव प्रवेशाच्या यादीत येऊ नये. आणि न्यायालयाच्या हुकुमाने आलेच, तर त्यासमोर ‘वाद न्यायप्रविष्ट’ असे ठळक छापावे. न्यायालयांनी असे खटले प्रवेशाच्या तारखेपूर्वी निकालात काढावेत. ते शक्य नसेल, तर त्या वर्षीचा प्रवेश थांबावा, निवाडा थांबू नये. आणि एवढे करूनही संस्थेच्या दोषाने अभ्यासक्रम बंद पडला, तर विद्यार्थ्यास दुसरीकडे सामावून घेण्याचा सारा खर्च त्या संस्थेकडून वसूल व्हावा.

एक वर्ष प्रवेश हुकला तर संस्थेची काही लाखांची फी बुडेल. परंतु अपुऱ्या खाटांवर आणि कागदोपत्री मार्गदर्शकांच्या हाताखाली तयार झालेला तज्ज्ञ पुढे तीस-चाळीस वर्षे रुग्णांच्या अंगावर सुरी चालवील. त्याची चूक कोणत्याही वरिष्ठ न्यायालयात अपील करून दुरुस्त होणार नाही. ज्या रुग्णाचे नाव या खटल्यांत वादी म्हणून नसते आणि प्रतिवादी म्हणूनही नसते, त्याच्या वतीने आम्ही विद्यापीठास, शासनास आणि न्यायासनास एवढेच विनवितो : निवाडा आधी होऊ द्या, प्रवेश नंतर.