ओल घालविण्याचा हिशेब : बॉयलरचे पाणी, कपडे आणि कावेरीकाठचे भात

कुंभकोणमजवळील इन्नंबूर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीचे गाव. येथील प्राचीन शिवमंदिरातील देवास ‘अक्षरे जाणणारा’ असे नाव असून मुलांच्या अक्षरारंभासाठी पालक तेथे येतात. स्थलपुराण असे सांगते की, चोळ राजाला मंदिराच्या जमाखर्चाविषयी शंका आली, तेव्हा शंकराने स्वतः हिशेबनिसाचे रूप घेऊन त्याला चोख हिशेब दाखविला. परीक्षेची तयारी करणाऱ्या वाचकांना ही कथा रुचावी. प्रस्तुत लेखातही एक हिशेबच मांडावयाचा आहे. तो पाणी, हवा आणि उष्णता यांचा आहे.

महाराष्ट्रात नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरू लागतो, त्या सुमारास तमिळनाडूच्या किनारपट्टीवर ईशान्य मोसमी पावसाची चाहूल लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील मुख्य पावसाळा होय. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडले जाते. त्यावर घेतलेले ‘कुरुवै’ हंगामाचे अल्पमुदतीचे भात नेमके याच सुमारास कापणीला येते. अशा दिवसांत अंगणातील दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस दमट राहतात, आणि रस्त्याच्या कडेला पसरलेल्या भाताचीही तीच अवस्था होते. कपड्यांना कुबट वास येतो एवढेच. भाताला मात्र मोड येतात, दाणा काळवंडतो आणि हाती आलेले पीक भाव गमावते.

कोकणातील वाचकांना हा अनुभव परका नाही. आषाढ-श्रावणात चुलीवरच्या दांडीवर किंवा पाण्याच्या बंबाशेजारी कपडे वाळत घालण्याची रीत तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्या कपड्यांना धुराचा वास लागे आणि एखादी ठिणगी उडून धोतराला भोक पडे, हा भाग वेगळा. मग प्रश्न असा की, लाकडावर तापणाऱ्या बॉयलरचे गरम पाणी नळीतून फिरवून धुराविना कपडे वाळविता येतील काय? येतील. परंतु त्यासाठी किती पाणी व किती लाकूड लागेल, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो.

पाण्याची वाफ करण्याची किंमत

पाच किलो कोरडे सुती कपडे हाताने पिळल्यानंतरही साधारणतः स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे पाच किलो पाणी धरून ठेवतात. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक किलो पाण्याचे बाष्पीभवन होण्यास सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता लागते. यालाच बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. पाच किलोसाठी हा आकडा १२ हजार किलोज्यूलच्या वर जातो.

आता गरम पाण्याकडे वळू. एक लिटर पाणी ६० अंशांवरून ४० अंशांपर्यंत थंड होताना केवळ ८४ किलोज्यूल उष्णता देते. त्याहून थंड झालेले पाणी ३० अंशांच्या हवेला फारसे तापवू शकत नाही. म्हणजे पाच किलो कपड्यांसाठी, उष्णतेचा कणही वाया गेला नाही असे मानले तरी, जवळजवळ १४५ लिटर पाणी असे थंड व्हावे लागेल. घरातील २० लिटरच्या बंबाने पाऊण किलोहूनही कमी पाणी उडेल. एखाद-दुसरा सदरा वाळेल इतकेच. म्हणून एकदा तापविलेले पाणी साठवून भागत नाही. ते बॉयलर व उष्णता विनिमयक यांच्यामध्ये पंपाने सतत फिरते ठेवावे लागते.

वाफेची गोष्ट निराळी आहे. एक किलो वाफेचे १०० अंशांवर पुन्हा पाणी होते तेव्हा २२५७ किलोज्यूल उष्णता मोकळी होते. २० अंश थंड होणाऱ्या एक लिटर पाण्याच्या तुलनेत ती सुमारे २७ पट भरते. मोठ्या धुलाईगृहांत आणि भातगिरण्यांत वाळवणासाठी वाफ का वापरतात, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

निम्मे काम हवेचे

वाळवण म्हणजे तापविणे, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात निम्मे काम हवेचे असते. पावसाळ्यातील ३० अंशांची व ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा जवळजवळ तुडुंब भरलेली असते. ओल्या कपड्यांवरून जाताना प्रत्येक किलो हवा जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम बाष्प उचलते. हीच हवा ४५ अंशांपर्यंत तापविली की तिच्यातील बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि तीच किलोभर हवा पाच-साडेपाच ग्रॅम बाष्प नेऊ शकते. अवघ्या १५ अंशांच्या उबेने तिची क्षमता आठ-नऊ पट होते.

मात्र ही बाष्पाने लादलेली हवा बाहेर गेली पाहिजे. थंडीमुळे खिडक्या बंद ठेवून खोलीतील गरम पाण्याच्या नळ्यांवर कपडे वाळविण्याची सवय उत्तर युरोपात आहे. तेथे ओल कपड्यांतून निघते आणि भिंतीवर जाऊन बसते, मग बुरशी धरते. पंखा आणि वरच्या बाजूला झरोका नसेल तर बॉयलर कितीही चांगला असला तरी व्यर्थ होय.

लाकडाचा हिशेब सोपा आहे. बऱ्यापैकी सुकलेल्या लाकडाचे उष्मामूल्य किलोमागे सुमारे १५ मेगाज्यूल असते. चिमणीवाटे, नळ्यांतून आणि बाहेर सोडलेल्या हवेबरोबर जाणारी उष्णता वजा जाता साध्या व्यवस्थेत एक चतुर्थांश उष्णता कामी येते असे धरल्यास, त्या पाच किलो कपड्यांना तीन किलोंहून अधिक लाकूड लागेल. हेच कपडे यंत्राच्या फिरत्या पिंपात आधी पिळून घेतले तर निम्मे पाणी अत्यल्प विजेत निघून जाते आणि लाकूडही निम्म्यावर येते. पाणी द्रवरूपात असतानाच काढून टाकणे केव्हाही स्वस्त. बॉयलर घेण्याआधी हे ध्यानात घेतलेले बरे.

कपडा आणि दाणा

कपड्यातील पाणी बव्हंशी धाग्यांच्या पृष्ठभागावर व मधल्या पोकळ्यांत असते. भाताच्या दाण्यात ते आत मुरलेले असते आणि तुसाच्या कवचातून त्याला सावकाश बाहेर यावे लागते. घाईने तापविल्यास दाण्याचा बाहेरचा भाग आधी आकसतो, आत तडे जातात आणि गिरणीत कणीचे प्रमाण वाढते. म्हणून भात टप्प्याटप्प्याने वाळवितात. काही वेळ उष्ण हवा दिल्यावर काही तास ढिगात विश्रांती देतात, तोवर आतील ओल बाहेर सरकते. बियाण्याच्या भाताला तर ४३ अंशांहून अधिक ऊब सोसत नाही, उगवणशक्ती जाते. अशा ठिकाणी वाफेपेक्षा गरम पाण्याची सौम्य उष्णताच योग्य.

या प्रश्नाचा इतिहास कुंभकोणमच्या परिसरातच घडला आहे. सघन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी १९६० च्या सुमारास निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत तंजावरचा समावेश होता. कुंभकोणमजवळील आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. तेथे १९६० च्या दशकाच्या मध्यास ‘एडीटी-२७’ हा सुमारे १०५ दिवसांत तयार होणारा वाण प्रसृत झाला आणि कुरुवै हंगामाचे उत्पादन वाढले. परंतु याची कापणी ऐन पावसात येई आणि दाण्याला सुप्तावस्था नसल्याने लोंबीतच मोड फुटत. उत्पादनवाढीने वाळवणाची समस्या जन्माला घातली! या ओल्या भाताच्या जतनासाठी १९६७ मध्ये तिरुवारूर येथील आधुनिक भातगिरणी संकुलात एक प्रयोगशाळा सुरू करण्यात आली. तिचेच पुढे भात प्रक्रिया संशोधन केंद्र झाले. आज ती तंजावर येथील राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था म्हणून ओळखली जाते. २०२१ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

गरम पाण्याचे दुसरे काम उकड्या तांदळाचे. गोवा व सिंधुदुर्गातील वाचकांना उकडा तांदूळ ठाऊक आहेच. तमिळनाडूतही त्याचा खप मोठा आहे. पूर्वी भात थंड पाण्यात एक ते तीन दिवस भिजवीत, त्यामुळे ते आंबून दुर्गंधी येई. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीत सुमारे ७० अंशांच्या पाण्यात हेच काम तीन-चार तासांत होते. नंतर भाताला वाफ देतात आणि मग उष्ण हवेच्या उंच मनोऱ्यात वाळवितात. भिजविण्यास गरम पाणी, शिजविण्यास वाफ, वाळविण्यास वाफेच्या नळ्यांवरून आलेली हवा अशी ही तिहेरी योजना असून तिन्हींचा उगम एकाच बॉयलरमध्ये असतो. धूर थेट भातात न सोडता मध्ये पाणी किंवा वाफ ठेवल्याने दाण्याला काजळी व वास लागत नाही. बंबाशेजारच्या कपड्यांची जी तक्रार होती, तिचे हे उत्तर होय.

इंधन म्हणून गिरणीजवळ तूस आयतेच असते. एक टन भातातून सुमारे २०० किलो तूस निघते आणि त्याचे उष्मामूल्य किलोमागे १३ मेगाज्यूलच्या आसपास असते. भिजवून वाफविलेल्या भातातील ओलावा ३५ टक्के मानला आणि तो १४ टक्क्यांवर आणावयाचा झाल्यास टनामागे सुमारे ३२० किलो पाणी उडवावे लागते. एकूण कार्यक्षमता एक तृतीयांश असेल तर सुमारे १८० किलो तूस खर्ची पडते, म्हणजे भिजविण्या-वाफविण्यासाठी फारसे काही उरत नाही. कार्यक्षमता निम्म्यावर नेल्यास तेच काम १२० किलोंत होते. थंड झालेले वाफेचे पाणी बॉयलरमध्ये परत घेणे आणि नळ्यांवर आच्छादन घालणे ही कामे दुर्लक्षित राहतात. गिरणीला वरून लाकूड विकत घ्यावे लागेल की नाही हे पुष्कळदा त्यांवरच ठरते. तुसाच्या राखेत सिलिकाचे प्रमाण फार असते. तिची विल्हेवाट आणि भिजवणीच्या पाण्याचा निचरा हे प्रश्न गिरणीभोवतालच्या वस्तीला जाणवतात.

१७ टक्क्यांची रेषा

तमिळनाडूमध्ये २००२ पासून विकेंद्रित खरेदी योजना लागू असून राज्याचे नागरी पुरवठा महामंडळ थेट खरेदी केंद्रांमार्फत भात घेते. केंद्र शासनाच्या समान गुणवत्ता निकषांनुसार ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. पावसाळी हंगामात ती शिथिल करण्याची मागणी राज्याने वेळोवेळी केली आहे आणि काही वेळा सवलत मिळालीही आहे.

समजा, इन्नंबूरच्या एखाद्या शेतकऱ्याचे एक टन भात २२ टक्के ओलाव्याचे आहे. पाच टक्के कमी करावयाचे म्हणजे ५० किलो पाणी, असे उत्तर परीक्षेत अनेक जण लिहितील. ते चूक आहे. कोरडा भाग ७८० किलो. तो नव्या वजनाच्या ८३ टक्के व्हावयाचा, म्हणून नवे वजन ९४० किलो आणि काढावयाचे पाणी ६० किलो. एक तृतीयांश कार्यक्षमतेने त्यास सुमारे ३५ किलो तूस पुरेल. ही काही दुर्लभ वस्तू नव्हे.

अडचण जागेची आहे. तूस निघते गिरणीत, भरडल्यानंतर. ओल असते शेतकऱ्याच्या खळ्यावर, विक्रीपूर्वी. बॉयलर, मनोरा आणि इंधन ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडे भात पोहोचते ते १७ टक्क्यांची रेषा ओलांडून, आणि ती ओलांडण्याचा भार मात्र ज्याच्यापाशी रस्ता व ताडपत्री एवढेच आहे त्याच्यावर पडतो. मर्यादा शिथिल केल्याने शेतकऱ्याची रांग पुढे सरकते, परंतु पाणी दाण्यातच राहते आणि गोदामात बुरशीचा धोका वाढतो. वाळविण्याची सोय खरेदी केंद्रापाशीच असणे हा मार्ग लेखकाला अधिक सयुक्तिक वाटतो. एका जागी पक्का मनोरा उभारता येईल, किंवा चाकांवरचे फिरते वाळवणयंत्र केंद्राकेंद्रांवर नेता येईल. यंत्र वर्षातून काही आठवडेच चालणार, ही यातील खरी आर्थिक अडचण. उरलेल्या काळात त्यावर मका, उडीद किंवा नारळाचे खोबरे वाळविता आले तर भांडवलाचा भार हलका होईल.

अशा लहान केंद्रासाठी वाफ की गरम पाणी, याचा निर्णय कायद्याच्या अंगानेही करावा लागतो. ‘बॉयलर’ हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत ३७ व्या क्रमांकावर आहे. १९२३ च्या भारतीय बॉयलर अधिनियमाची जागा आता बॉयलर अधिनियम, २०२५ ने घेतली आहे. त्यातील व्याख्येतून २५ लिटरहून कमी धारणक्षमतेची, एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरहून कमी दाबाची आणि ज्यांत पाणी १०० अंशांच्या खालीच तापते अशी पात्रे वगळली आहेत. म्हणजे वाफेच्या बॉयलरला नोंदणी, तपासणी आणि प्रशिक्षित चालक लागतो. ८० अंशांच्या गरम पाण्याच्या संचाला या अधिनियमाचे बंधन नाही. त्याच्या नळ्या मोठ्या लागतात, पंप अखंड चालवावा लागतो आणि वाळवण सावकाश होते. पण तो गावातील दोन माणसांना शिकवून चालविता येतो, आणि बियाण्याच्या भाताला त्याचीच ऊब मानवते. संचाच्या पाण्याची निकासबाजू मोकळी ठेवून सुरक्षा झडप बसविणे मात्र येथेही अनिवार्य समजावे. बंद पात्रातील पाणी १०० अंशांपुढे गेले की त्याला कायद्याची व्याख्या थोपवू शकत नाही.