लक्ष दिलं की वाढतं, लक्ष दिलं की ओसरतं

रंगूनमधल्या एका तरुण व्यापाऱ्याला अर्धशिशीचा असा जबर त्रास होता, की झटका आला की मॉर्फिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. पुढेपुढे डोकेदुखीपेक्षा मॉर्फिनचीच सवय लागेल ही धास्ती मोठी झाली. घरात पैशाला तोटा नव्हता. स्वित्झर्लंड, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, जपान इथल्या डॉक्टरांना दाखवून झालं, पण गुण आला नाही. शेवटी एका मित्राने सयाजी ऊ बा खिन यांचं नाव सुचवलं. हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, आणि सरकारी नोकरी सांभाळून ध्यान शिकवत. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, की नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका.

तरी १९५५ साली तो व्यापारी शिबिराला बसला. त्याची अर्धशिशी गेली. हे सत्यनारायण गोएंका. १९६९मध्ये ते भारतात आले, आणि कसारा घाट चढून वर आलं की लागणाऱ्या आपल्या इगतपुरीत १९७६पासून त्यांचं ‘धम्मगिरी’ हे विपश्यना केंद्र चालू आहे.

एका माणसाला गुण आला म्हणून तो अर्धशिशीवरचा इलाज ठरत नाही. केंद्राचे लोकही ‘रोग बरे करायला या’ असं म्हणत नाहीत. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला बसू नये असंच ते सांगतात. मला थक्क करतं ते निराळंच. दहा दिवस तिथे नेमकं काय करायला लावतात? पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक, बोलणं बंद, फोन बंद. पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत मन अंगावरून फिरवायचं. कुठे खाज, कुठे ठणका, कुठे धडधड, जे असेल ते बघायचं.

आता आजाराच्या धास्तीने पछाडलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. घरात नाही तर शेजारी, असा एखादा असतोच. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी रात्री दोन वाजता तो मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसलेला असतो. छाती, मग डावा हात, मग मान, मग पुन्हा छाती. तोही आपलं अंगच तपासत असतो! काम जवळपास तेच. पण एकाचं दुखणं ओसरतं आणि दुसऱ्याचं वाढत जातं.

त्या रात्रीच्या माणसाच्या अंगात काय चाललंय ते जरा जवळून बघू. हृदयाचा एक ठोका चुकल्यासारखा वाटतो. असे आगंतुक ठोके निरोगी हृदयातही पडतात, एरवी ते कळतही नाहीत. पण तो टपूनच बसलेला, त्यामुळे त्याला कळतो. जीव घाबरा होतो, रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरतं, ठोके वाढतात, श्वास भराभर चालू लागतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा उगाच चाळवतात. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरल्यासारखं होतं. झालं, त्याला पुरावा मिळाला. यातलं काहीही खोटं नाही, आणि म्हणूनच ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असं त्याला तोंडावर म्हणणं मला निर्दय वाटतं. मुंग्या खऱ्याच असतात. सुरुवात तेवढी भीतीने झालेली असते.

दुखण्याची गोष्ट तर याहून अजब आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५मध्ये मांडलं, की दुखऱ्या जागेचा निरोप मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. वाटेत, मज्जारज्जूतच, तो कमीजास्त केला जातो. गंगापूर धरणाचे दरवाजे जसे वरच्या पाण्याचा अंदाज घेऊन उघडझाक करतात, तसा मेंदू परिस्थितीचा अंदाज घेऊन वरून हुकूम सोडतो. हा हुकूम रासायनिक असतो, हे १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दिसलं. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून नुसतं खोटं इंजेक्शन दिलं, आणि काहींचं दुखणं खरंच कमी झालं. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं. हे औषध मॉर्फिनचा परिणाम मारतं. त्यांचं दुखणं परत वाढलं! म्हणजे नुसत्या भरवशावर मेंदूने स्वतःचं मॉर्फिन तयार केलं होतं.

भरवशाने जे होतं, ते धास्तीने उलट्या दिशेने होतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिनची गोळी सोसत नाही म्हणून सोडून दिलेली ६० माणसं त्यांनी घेतली. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या: चारमध्ये खरी गोळी, चारमध्ये तशीच दिसणारी खोटी गोळी, चार रिकाम्या. त्रास किती होतोय याला रोज शंभरपैकी गुण द्यायचे. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी ८, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत? १५.४! त्रास खरा होता, पण गोळीच्या महिन्यांत जो वाढला त्यातला सुमारे ९० टक्के हिस्सा औषधाचा नव्हता, ‘गोळी घेतली’ या जाणिवेचा होता. हे आकडे स्वतःचे म्हणून समोर ठेवल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

अशा धास्तीला शिक्षणानेही आळा बसत नाही. डॉक्टरकीची पुस्तकं वाचणाऱ्या कुठल्याही मुलामुलींना विचारा; ज्या आठवड्यात जो रोग शिकवतात तो आपल्यालाच झालाय असं वाटणं, हा वैद्यकीय विद्यार्थ्यांचा जगभरातला जुना अनुभव आहे.

मग इगतपुरीत वेगळं काय घडतं? २०१६मध्ये अमेरिकेत ध्यान शिकलेल्या लोकांच्या कातडीला ४९ अंशांचा चटका देऊन बघितला. ध्यानाने दुखणं कमी झालं. नॅलोक्सोन दिल्यावरही ते कमीच राहिलं! म्हणजे इथे मेंदूच्या मॉर्फिनवर भिस्त नव्हती. वाट दुसरीच होती. ती वाट काय असावी, याचा अंदाज शिबिरातल्या सूचनांवरून येतो. गुडघा ठणकतोय? किती जागेत ठणकतोय, सरकतोय का, बदलतोय का, एवढंच बघा आणि पुढे चला. त्याला नाव देऊ नका, तो जावा म्हणून धडपडू नका. चौथ्या दिवसापासून तासभर हातपाय न हलवता बसायच्या बैठका असतात. तेव्हा जो ठणका आता जीवच घेणार असं वाटतं, तो जागा बदलतो, विरतो, पुन्हा येतो. रात्री नाडी मोजणारा माणूस मात्र एका जागी खिळून राहतो आणि दर ठोक्याला ‘हे काय असेल?’ असं विचारतो. मला दिसतो तो फरक या प्रश्नाचा आहे.

आजाराच्या धास्तीवर मानसोपचारातली बोधात्मक वर्तनोपचार पद्धतही इथेच हात घालते. नाडी बघणं, गुगल करणं, घरच्यांना ‘मला काही झालं नाही ना?’ म्हणून विचारणं हळूहळू कमी करायला शिकवते. कारण दर वेळी तपासून मिळालेला दिलासा तासाभरात विरतो, आणि ‘तपासलं म्हणून वाचलो’ एवढाच धडा मेंदूकडे उरतो.

तेव्हा छातीत नव्याने दुखलं, दम लागला, हातातली ताकद गेली, तर आधी डॉक्टर गाठा. तिथे कुचराई नको. पण रिपोर्ट नॉर्मल येऊनही तीच भीती दर रात्री उठवत असेल, तर चौथ्या तपासणीला जाण्याआधी मनाच्या डॉक्टरांकडे जा. तेही जमत नसेल तर सरकारची ‘टेलि मानस’ ही हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, दिवसरात्र चालू, आणि मराठीत बोलता येतं.