ओळखीची चिठ्ठी आणि नवा धंदा

मुलगा पदवीधर झाला, कीं वडिलांनीं त्यास बरोबर घेऊन एखाद्या वजनदार आप्ताच्या घरीं जावें, चहा होईपर्यंत इकडचें तिकडचें बोलावें, आणि उठतां उठतां हळूच “याचें कांहीं तरी पाहा” म्हणावें, हा प्रघात आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. बँका, रेल्वे, कचेऱ्या यांतून आपल्या वर्गाचीं किती तरी माणसें अशा एका चिठ्ठीवर चिकटलीं, हें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं. परवां आमच्या एका स्नेह्यांनीं हाच प्रघात नव्या प्रसंगीं चालविला. त्यांचे चिरंजीव सॉफ्टवेअरमधील चांगल्या पगाराची नोकरी सोडून स्वतःची स्टार्टअप काढूं म्हणतात; त्यांस एखाद्या अॅक्सिलरेटरमध्यें प्रवेश हवा, तेव्हां “तुमची कोठें ओळख असेल तर दोन ओळी लिहा” असें स्नेह्यांचें म्हणणें. चिठ्ठी आम्हीं दिली नाहीं. कां दिली नाहीं, हें त्या चिरंजीवांस सांगितलें तेंच येथें लिहितों; कारण असे चिरंजीव, आणि अशा कन्याही, आतां पुष्कळ घरीं आहेत.

अॅक्सिलरेटर म्हणजे काय, हें वडील मंडळींकरितां प्रथम सांगणें अवश्य आहे. नव्या कंपन्यांची एक तुकडी निवडावयाची, प्रत्येकीस थोडें भांडवल द्यावयाचें, सुमारें तीन महिने अनुभवी माणसांकडून त्यांची कानउघाडणी करवावयाची, आणि शेवटीं एके दिवशीं त्यांस गुंतवणूकदारांसमोर उभें करावयाचें. मोबदला म्हणून मालकीचा कांहीं भाग घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. अमेरिकेंतील वाय कॉम्बिनेटर ही या प्रकारची आद्य संस्था. पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंग्स्टन प्रभृति चौघांनीं ती २००५ सालीं काढली.

या संस्थेशीं निगडित अशी एक हकीकत आम्हीं चिरंजीवांस ऐकविली. परक्या प्रवाशास कोणाच्या घरांतील खोली भाड्यानें मिळवून देणारी एअरबीएनबी ही कंपनी ब्रायन चेस्की व त्याचे दोन साथीदार यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें काढली होती. मायकेल सायबेल हा त्यांचा मित्र स्वतः वाय कॉम्बिनेटरमधून बाहेर पडलेला. म्हणजे चिठ्ठी देण्यास याहून योग्य माणूस मिळणें कठीण. २६ जून २००८ रोजीं त्यानें सात नामांकित गुंतवणूकदारांशीं त्यांची गांठ घालून दिली. मागणी दीड लक्ष डॉलरांची, आणि बदल्यांत कंपनीचा एकदशांश भाग. पांचांनीं नकार कळविला. दोघांनीं उत्तरच दिलें नाहीं. चेस्कीनें तीं नकारपत्रें २०१५ सालीं प्रसिद्ध केलीं आहेत. तीं सभ्य आहेत, एवढेंच त्यांजविषयीं म्हणतां येईल.

पैसा संपत आला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे दिवस होते. या मंडळींनीं उमेदवारांच्या नांवांचीं न्याहारीच्या सीरियलचीं खोकीं स्वतः चिकटवून प्रत्येकीं ४० डॉलरांस विकलीं. २००९ च्या आरंभीं वाय कॉम्बिनेटरनें त्यांस घेतलें, तें मूळ कल्पनेवर भाळून नव्हे. ग्रॅहम यांस त्या खोक्यांमागची चिकाटी आवडली. तेथें उपदेश मिळाला तो असा, कीं गिऱ्हाइकें न्यूयॉर्कांत असतील तर तुम्हीही तिकडे जा. ते गेले, घरोघर हिंडून खोल्यांचीं छायाचित्रें काढलीं, आणि एप्रिल २००९ त सिकोया या संस्थेनें त्यांस सुमारें सहा लक्ष डॉलर दिले. दहा महिन्यांपूर्वीं चिठ्ठी होती. दाखवावयास फारसें कांहीं नव्हतें.

आमचे चिरंजीव पुण्यांतील गृहसंस्थांकरितां टँकरच्या पाण्याचा हिशेब ठेवणारें ॲप करीत आहेत. टँकर किती आले, पुरते भरलेले होते काय, पैसे कोणीं दिले, यावरून आमच्याच संस्थेंत दर उन्हाळ्यांत भांडण होतें, त्यामुळें कल्पना आम्हांस पटली. आम्हीं विचारलें, “किती संस्था पैसे देतात?” उत्तर आलें, “काका, अजून कोणास विचारलें नाहीं. आधीं गुंतवणूक आली म्हणजे विचारूं.” चिठ्ठी न देण्याचें कारण हें.

वाय कॉम्बिनेटरच्या अर्जास फी नाहीं, शिफारस सक्तीची नाहीं, आणि मुलाखत अवघी दहा मिनिटांची. मात्र व्यवहार नीट वाचावा. २०२२ पासून ते एकूण ५,००,००० डॉलर देतात. पैकीं १,२५,००० बद्दल ७ टक्के मालकी जाते, म्हणजे कंपनीची किंमत सुमारें १७ लक्ष ८६ हजार डॉलर धरली जाते. उरलेल्या ३,७५,००० चा भाव त्या वेळीं ठरत नाहीं. तुम्ही पुढच्या गुंतवणूकदारास जी सर्वांत चांगली अट द्याल, ती या रकमेस लागू होते. तो भाव एक कोटि डॉलर ठरला, तर आणखी पावणेचार टक्के गेले. शिवाय भारतांत नोंदलेल्या कंपनीस त्यासाठीं परदेशीं मूळ कंपनी काढावी लागते. त्याचा खर्च व कर सनदी लेखापालाकडून आधींच समजून घ्यावा. घरचा भविष्यनिर्वाह निधि यांत घालण्यापूर्वीं तर अवश्य.

घराजवळही संस्था आहेत. मुंबईच्या आयआयटींतील साइन ही २००४ पासून चालू आहे. पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारांत व्हेंचर सेंटर आहे. परंतु व्हेंचर सेंटरचा ओढा शास्त्रीय संशोधनावर उभ्या राहणाऱ्या उद्योगांकडे आहे. टँकरचा हिशेब घेऊन तेथें जाणें म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यांत दांत दाखविणें होय. आणि जी संस्था तुमच्याकडूनच भरमसाट फी मागून “जागतिक गुंतवणूकदारांशीं भेट” विकते, तिची पायरी चढूं नये. तिचें गिऱ्हाईक तुम्ही आहां.

ओळख मागूं नये असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. ती मागण्याची रीत आहे. मध्यस्थास असें पत्र लिहावें, कीं त्यास एक शब्दही न बदलतां तें पुढें धाडतां यावें. वस्तु काय, कोणासाठीं, आज किती जण पैसे देतात, आणि नेमकें काय हवें, इतक्याच गोष्टी सहा-सात ओळींत. “तीन वर्षांत देशभर” वगैरे भाषा नको. आपल्या घराण्याची कीर्ति तर मुळींच नको. मध्यस्थास नाहीं म्हणण्यास वाव ठेवावा, कारण चिठ्ठीबरोबर त्याचा शब्द जातो. आणि भेटींत काय झालें तें त्यास कळवावें. पुष्कळ तरुण काम झालें कीं विसरतात, आणि दुसऱ्या खेपेस दार कां बंद, याचें नवल करितात. उत्तम मध्यस्थ म्हणजे त्याच संस्थेंतून पूर्वीं गेलेला उद्योजक. मोठ्या पदावरचे काका बहुधा नव्हत. हें ऐकून आमचे स्नेही किंचित् हिरमुसले.

सहा आठवड्यांनीं चिरंजीवांचें पत्र आलें. अकरा संस्था पाहिल्या. चार दरमहा आठशें रुपये देतात. दोघींनीं सोडलें, कारण रात्रीचा रखवालदार नोंद करीत नाहीं, तरी आतां टँकरवाल्याकडूनच नोंद करवून पाहत आहें. पत्र सात ओळींचें होतें. पूर्वीं अशाच एका तुकडींतून गेलेले एक उद्योजक आमच्या परिचयाचे आहेत. त्यांजकडे तें जसेंच्या तसें, वर आमच्या दोन ओळी लिहून, आम्हीं त्याच दुपारीं पाठविलें.