देवघरांतील धूप : त्याची पारख, वापर व लागवड

दिवेलागणीच्या वेळीं देवापुढें निरांजन लावून धुपाटण्यांत चिमूटभर धूप घालण्याची चाल आम्हां शेतकऱ्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य हे पूजेचे पंचोपचार होत. यांपैकीं फूल आपण परसांतून आणतों, दिव्याचें तूप गोठ्याच्या पुण्याईनें मिळतें आणि नैवेद्याचें धान्य शेतांतून येतें. धूप मात्र आपण डोळे मिटून बाजारांतून आणतों. तो कोणत्या झाडाचा, कोणत्या मुलखांतला, शुद्ध कीं भेसळीचा, ही चौकशी कोणी करीत नाहीं. बियाणें घेतांना दाणा दांताखालीं घालून पाहणारा शेतकरी या एका बाबतींत निष्काळजी राहतो, हें बरें नव्हे.

हा निष्काळजीपणा आम्हींहि केलेला आहे. कांहीं वर्षांमागें श्रावणांत आमच्या घरीं पोथीचें वाचन चालू होतें. तालुक्याच्या बाजारांतून गुग्गुळ म्हणून काळसर खडे आणले होते. पाऊस लागून राहिल्यामुळें दारें-खिडक्या लावलेल्या होत्या, आणि भक्तीच्या भरांत आम्ही मूठभर खडे निखाऱ्यावर घातले. धूर काळा व उग्र निघाला. मातोश्रींना दम्याचा विकार. त्यांचा श्वास अडला. त्यांना उचलून ओसरीवर आणावें लागलें व रात्रीं डॉक्टरांना बोलवावें लागलें. त्या दोन दिवसांत बऱ्या झाल्या, हें देवाचेंच करणें. पुढें उरलेले खडे आम्हीं ऊन पाण्यांत घालून पाहिले, तेव्हां तळाशीं वाळू, सालीचे तुकडे व रंगीत डिंक दिसला. दुकानदाराचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं. चूक जितकी त्याची, तितकीच आमची. त्यानंतर या विषयाची जी माहिती आम्हीं मिळविली, ती वाचकांपुढें ठेवतों.

धुपाचे मुख्य पदार्थ म्हणजे झाडांचे सुवासिक डिंक व राळा होत. गुग्गुळ हा कच्छ, सौराष्ट्र व राजस्थान येथील रुक्ष प्रदेशांत वाढणाऱ्या एका कांटेरी झुडुपाचा डिंक आहे. याच्या वासानें रोग दूर पळतात अशा आशयाचा उल्लेख अथर्ववेदांतहि आहे. इतकी याची ओळख जुनी आहे. सालई हा वृक्ष आमच्याच खानदेशांतील व विदर्भांतील कोरड्या डोंगरांवर होतो. त्याचा डिंक सालई गुग्गुळ या नांवानें विकतात, व तो चांगला धूप आहे. राळ ही मध्य हिंदुस्थानांतील व पूर्वेकडील साल वृक्षाची. ऊद किंवा लोबान हा सुमात्रा बेटाकडून येणारा डिंक. यांशिवाय चंदनाचा भुगा, वाळ्याच्या मुळ्या व नागरमोथा हे जोडीला घालतात. नागरमोथा म्हणजे ज्या लव्हाळ्यानें आपण हैराण होतों, त्याच्याच जातीच्या वनस्पतीच्या गाठी होत!

हल्लीं धुपाची जागा बहुतेक घरीं उदबत्तीनें घेतली आहे. बाजारी उदबत्तींत बांबूची काडी, कोळशाची पूड, लांकडाचा भुसा व चिकटपणासाठीं मैदालकडीच्या सालीची पूड असते. अशी काडी पुष्कळदां नंतर कृत्रिम अत्तरांत बुडवितात, व तें अत्तर पातळ करण्यासाठीं रासायनिक द्रवहि वापरतात. सर्वच उदबत्त्या अशा असतात असें नाहीं. परंतु तिचा वास म्हणजे चंदनाचा किंवा मोगऱ्याचा वास, अशी समजूत करून घेऊं नये.

आतां पारख सांगतों. खरा गुग्गुळ उन्हांत किंवा हाताच्या उबेनें मऊ होतो व बोटांस चिकटतो. चवीस तो कडू असतो. ऊन पाण्यांत घोटला असतां पाणी दुधासारखें गढूळ होतें, व तळाशीं वाळू-माती फारशी राहत नाहीं. निखाऱ्यावर त्याचा धूर पांढरट व वास सौम्य असतो. उग्र वास व काळा धूर आला तर माल परत करावा. राळेविषयीं एक इशारा देतों. तिची पूड ज्वाळेवर उडविली असतां एकदम भडका होतो. गोंधळाच्या दिवटीवर तो सर्वांनीं पाहिलेलाच आहे. म्हणून घरांत राळ निखाऱ्यावरच, आणि तीहि चिमटीनेंच घालावी.

घरचा धूप करणें अवघड नाहीं. गुग्गुळ दोन भाग, सालईचा डिंक किंवा राळ एक भाग, आणि नागरमोथा, वाळा व चंदनाचा भुगा मिळून एक भाग घ्यावा. सर्व वस्तु निरनिराळ्या कुटून एकत्र कराव्या, थोडें गाईचें तूप चोळावें व घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें. गोवरीचा निखारा पुरता फुलून वर पांढरी राख आली म्हणजेच धूप घालावा. अर्धवट पेटलेल्या गोवरीचा धूर हा धूप नव्हे.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. शुद्ध धुपाचा धूर झाला तरी तो धूरच. त्यांत फुप्फुसांत शिरणारे सूक्ष्म कण असतात, आणि निखाऱ्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा घातक वायु निघतो. म्हणून खिडकी उघडी ठेवूनच धूप घालावा, निखारा निजण्याच्या खोलींत ठेवूं नये, आणि तान्हें मूल, गरोदर स्त्री व दमेकरी यांना त्या वेळीं दुसरीकडे बसवावें. बाळंतिणीच्या बंद खोलींत धुरी कोंडण्याची चाल तर सोडूनच द्यावी. उपचार हा भावाचा आहे, मापाचा नाहीं. देवाला चिमूट पुरते.

चिमूट पुरण्याचें दुसरेंहि कारण आहे. गुग्गुळाचें झुडूप फार सावकाश वाढतें. चीक काढण्याजोगें होण्यास त्यास आठ-दहा वर्षें लागतात, आणि मग एका हंगामांत सुमारें पाव ते अर्धा किलो डिंक मिळतो. सालीला उथळ चीर देऊन काढला तर झाड जगतें. परंतु अधिक लोभानें खोल घाव घालून वर रसायनें चोळतात. त्या वर्षीं डिंक भरपूर येतो व झाड मरतें. यामुळें 2015 सालीं आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानें या वनस्पतीची गणना अतिसंकटग्रस्त म्हणून केली. आपल्या पूजेसाठीं एक झाड मुळासकट जात असेल, तर त्या पूजेचें पुण्य किती, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

यावर शेतकऱ्याच्या हातांतील उपाय लागवड हाच आहे. कमी पावसाच्या तालुक्यांत, मुरमाड व निचऱ्याच्या जमिनींत गुग्गुळ लावून पाहण्यासारखा आहे. पाणी धरणारी काळी जमीन त्यास मानवत नाहीं. जून-जुलैंत वीतभर लांबीचे जून फांटे रोपवाटिकेंत लावावे व पुढील पावसाळ्यांत बांधावर हलवावे. वाळा बांधाच्या उतारावर लावला तर माती धरून ठेवतो आणि मुळ्याहि देतो. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांतून कांहीं पोषण घेतें. म्हणून सुरुवातीस त्याच्याजवळ तूर पेरावी. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेल्यामुळें एक सूचना आग्रहानें करतों. चंदन लावल्यास पीकपाहणींत त्याची नोंद अवश्य करून सात-बारावर आली कीं नाहीं तें पाहावें, आणि तोडण्यापूर्वीं वनखात्याची परवानगी घ्यावी. नोंद नसेल तर आपलेंच झाड आपलें म्हणून सिद्ध करतांना नाकीं नऊ येतात.

आमच्या बांधावर आज गुग्गुळाचीं चार झुडुपें उभीं आहेत. त्यांना अजून चीर दिलेली नाहीं, व आणखी कांहीं वर्षें देणार नाहीं. मातोश्री संध्याकाळीं उघड्या ओसरीवर बसतात, देवघराची खिडकी उघडी असते, आणि चिमूटभर धुपाचा वास त्यांच्यापर्यंत बेतानेंच पोंचतो. वाचकांनीं येत्या पावसाळ्यांत निदान एक झाड लावावें, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.