लॅपटॉपच्या हेडफोनमधील घूंघूं : कारणे व उपाय

पेढीवरील व्यवहारात लॅपटॉप आता वहीखात्याइतकाच नित्याचा झाला आहे. जीएसटीची विवरणपत्रे, परगावच्या दलालांशी बोलणी, दूरदेशी असलेल्या मुलानातवंडांची भेट ही सर्व कामे त्यावरच होतात. अशा वेळी हेडफोनमध्ये अखंड घूंघूं सुरू झाली, तर प्रश्न केवळ कानाच्या त्रासाचा राहत नाही. भाव ठरत असता 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांतील भेद त्या आवाजात बुडाला, तर त्याचे मोल पोत्यापोत्यास मोजावे लागते. पुष्कळ सभासद बंधू तेवढ्यावरून नवा हेडफोन आणतात आणि आवाज मात्र तसाच राहतो. यास्तव त्याचा उगम कसा शोधावा, हे येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम आवाजाची जात ओळखावी. संथ, खालच्या पट्टीतील अखंड घूंघूं असेल तर ती बहुधा विजेच्या जोडणीतून येते. तार हलविताच खरखर होत असेल तर दोष तारेत किंवा खाचेत समजावा. मधूनमधून ठेक्यात टर्रटर्र होत असेल तर जवळ ठेवलेला, २-जी जाळ्यावर चालणारा मोबाइल दूर सारून पाहावा. माउस हलविताना बारीक किणकिण बदलत असेल तर ती लॅपटॉपच्या अंतर्भागातूनच येत असते.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही. पहिली परीक्षा अगदी सोपी आहे : चार्जर काढून लॅपटॉप केवळ बॅटरीवर चालवावा. आवाज तत्काळ थांबला, तर हेडफोन निर्दोष आहे असे समजण्यास हरकत नाही.

याचे कारण असे. आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्टची असून तिची सेकंदास ५० आवर्तने होतात. चार्जरमध्ये विजेचा उपद्रवी गोंगाट शमविण्यासाठी एक लहानसे कपॅसिटर बसविलेले असते व त्यातून अत्यल्प प्रवाह लॅपटॉपकडे झिरपतो. अर्थिंग चांगले असेल तर तो तीन पिनांच्या चार्जरमधून जमिनीत जातो. चार्जर दोन पिनांचा असेल, किंवा भिंतीतील तिसरे छिद्र नुसतेच शोभेचे असेल, तर त्यास ती वाट राहत नाही. मग लॅपटॉपच्या धातूच्या अंगास हात लावता मुंग्या आल्यासारखे वाटते आणि हेडफोनात किंवा त्याच्या माइकमध्ये घूंघूं उमटते. लॅपटॉपला मोठा पडदा किंवा ध्वनिवर्धक जोडून त्याची वीज दुसऱ्या बोर्डावरून घेतली, तर दोन अर्थिंगमध्ये वेढा तयार होऊनही हाच आवाज येतो. अशा वेळी सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत.

येथे एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. आवाज बंद व्हावा म्हणून चार्जरची तिसरी पिन मोडण्याची युक्ती काही जण सांगतात. ती कदापि करू नये. आत बिघाड होऊन जिवंत तार धातूच्या अंगास टेकली, तर विजेस जमिनीकडे नेणारी वाट तीच पिन देते. ती नसेल तर वाट माणसाच्या देहातून निघते. पेढी व गुदामाच्या जुन्या इमारतींत अर्थिंग मुळीच नसणे किंवा तुटलेले असणे दुर्मीळ नाही. म्हणून मुंग्या व घूंघूं एकत्र आढळल्यास परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. उन्हाळ्यात खड्ड्यातील माती सुकून अर्थिंग क्षीण होते, तेव्हा तेथे पाणी घालीत जावे. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसविल्यास कुटुंबाचे व नोकरमाणसांचे संरक्षण होते.

बॅटरीवरही आवाज राहिला तर दुसरा हेडफोन लावून पाहावा. ३.५ मिलिमीटरची पिन पूर्ण आत गेली आहे ना, खाचेत धूळ नाही ना, हे तपासावे. गुदामाच्या धुळीत हे फार घडते. पलीकडच्या माणसासच घूंघूं ऐकू येत असेल तर ध्वनीच्या सेटिंगमधील 'मायक्रोफोन बूस्ट' कमी करावे. एवढ्यानेही गुण न आल्यास यूएसबी खाचेत लावावयाचे लहान साउंड अ‍ॅडाप्टर घ्यावे. त्यायोगे लॅपटॉपच्या आतील ध्वनिमार्ग टळतो आणि बहुधा किणकिण थांबते.

लॅपटॉप दुरुस्तीस नेण्यापूर्वी या परीक्षा घरीच कराव्यात. त्यांस पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि चार्जर काढताच आवाज थांबला असेल, तर दुरुस्तीवाल्याआधी वायरमनला बोलवावे.